झाकणवैद्य

रस्त्यात बंद पडलेली मोटारसायकल आपल्याकडे फार वेळ एकटी राहत नाही. एरवी कोणी कोणाकडे ढुंकून बघणार नाही, पण कडेला एक माणूस घामाघूम होऊन किका मारतोय म्हटल्यावर जाणारा-येणारा वेग कमी करतो, एक पाय खाली टेकवतो आणि विचारतो, "पेट्रोल हाय का?"

या प्रश्नाला सुटका नाही. 'आहे' म्हटलं तरी तो गाडीवरून उतरतो, 'नाही' म्हटलं तरी उतरतो. आधी तो तुमची गाडी डावी-उजवी डुलवतो, टाकीला कान लावून आतला डुबुक-डुबुक आवाज ऐकतो आणि तरी खात्री पटत नाही म्हणून सांगतो, "झाकण उघडा जरा." झाकण उघडतं. तो आत डोकावतो. अंधार असेल तर मोबाइलची बॅटरी लावतो. (मोबाइल येण्यापूर्वी लोक काय लावत असतील, याचा विचार न केलेला बरा.) "पेट्रोल तर हाय की!" असं तो काहीशा नाराजीनेच जाहीर करतो. झाकण लागतं, सहज म्हणून एक किक मारली जाते आणि गाडी सुरू होते.

आता या माणसाने केलं काय? त्याने डोकावून पाहिलं, एवढंच. पण गाडी चालू झाली हे चार लोकांनी बघितलेलं असतं. त्यामुळे तो हात झटकतो, "जावा आता बिनघोर" असा आशीर्वाद देतो आणि पुढच्या गावी जाऊन सांगतो की वाटेत एकाची गाडी चालू करून दिली.

गंमत अशी की त्याने खरोखरच ती चालू करून दिलेली असते. मोटारसायकलीला एक आजार असा आहे की तपासायला घेतला की तो बरा होतो, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं सापडत नाही. तो आजार म्हणजे टाकीत हवा जाण्याचं भोक बुजणं.

किराणा दुकानात पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडताना दुकानदार एका कोपऱ्यात भोक पाडतो आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं. पहिल्यातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरं भोक नसेल तर डबा भक्-भक् करतो, दोन घोट सांडतो आणि थांबतो. पेट्रोलच्या टाकीचं अगदी हेच आहे. खाली कॉकमधून पेट्रोल कार्बुरेटरकडे उतरायचं तर वरून तेवढीच हवा आत यायला हवी, आणि त्यासाठी टाकीच्या झाकणात एक बारीकसं भोक ठेवलेलं असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पोकळी पेट्रोलला वरच्या वर धरून ठेवते आणि भरल्या टाकीची गाडी पेट्रोल संपल्यासारखे झटके देत बंद पडते. मालक रिझर्व्हला टाकतो. काही फरक पडत नाही, कारण रिझर्व्हचं पेट्रोलही त्याच टाकीत, त्याच झाकणाखाली कोंडलेलं असतं.

यासाठी पोकळी फार मोठी लागते असंही नाही. हवेच्या दाबाचा पराक्रम सतराव्या शतकात सिद्ध झाला. १६४३ च्या सुमारास इटलीत टोरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली. पुढच्या दशकात माग्देबुर्गच्या महापौरांनी, ओटो फॉन गेरिके यांनी, तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना चिकटवून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले. अर्धगोल सुटेनात. महापौरांनी असले प्रयोग करायचे दिवस होते ते. तर हा हवेचा दाब पेट्रोलचा तेरा-चौदा मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो. आपल्या गाडीत टाकीतल्या पेट्रोलची पातळी कार्बुरेटरच्या वर असते फूटभर, फार तर थोडी जास्त. म्हणजे टाकीतला दाब चाळीस-पन्नासाव्या हिश्शाने जरी उतरला, तरी धार थांबलीच. हिशोब ढोबळ आहे, पेट्रोलची वाफ मधे थोडी लुडबुड करते. पण गाडी थांबायची ती थांबतेच.

आणि गाडी थांबली की खरी करमणूक सुरू होते. झाकणाची रबरी वायसर काही काचेच्या बरणीसारखी घट्ट बसत नाही. तिच्या कडेने हवा हळूहळू आत झिरपत राहते. दहा-पंधरा मिनिटं गाडी नुसती उभी राहिली तरी टाकीत पुरेशी हवा शिरते आणि गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. म्हणजे ज्या उपायाला दहा-पंधरा मिनिटं लागतात तो प्रत्येक उपाय लागू पडतो. आणि ज्या उपायात झाकण उघडावं लागतं, तो तर ताबडतोब लागू पडतो. उरला कोण? अशा आजारात कोणताही वैद्य चुकत नाही.

आमच्या दाजींच्या गाडीने हा सगळा अभ्यासक्रम एका दिवसात पूर्ण करून दाखवला. दाजी लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही बिघाड हा मुळात 'करंट'चा बिघाड असतो, या निष्कर्षाला ते नोकरीतच आले होते. कराडहून चिपळूणला नात्यातल्या साखरपुड्याला जायचं होतं. दाजी पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. गाडी शंभर सीसीची, प्रत्येक गल्लीत दोन तरी असतात तसली. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरलेली.

मल्हारपेठेच्या अलीकडे तिने पहिला गचका खाल्ला. मग दुसरा, तिसरा, आणि बंद. "करंट गेला," दाजी म्हणाले, गाडी पूर्ण थांबायच्याही आधी. डिकीतून पाना निघाला, प्लग निघाला, खिशातून पॉलिश पेपर निघाला. प्लग घासता घासता त्यांनी मला कार्बन म्हणजे काय ते समजावून दिलं. प्लग परत बसला, दुसऱ्या किकेला गाडी चालू. "बघितलंस?" मी बघितलं होतं. बघितलेलं नाकारणार कसं?

पाटणच्या पुढे पुन्हा तेच. या वेळी प्लग लखलखीत होता, त्यामुळे दाजी कॉइलकडे वळणार तेवढ्यात एक दूधवाला थांबला. दोन्ही बाजूंना रिकामे कॅन, वर टॉवेल. त्याने प्लगकडे पाहिलंही नाही. "कचरा आलाय पायपात. झाकण काढा आन् फुका." टाकीत तोंडाने फुंकणे हा आपल्याकडे फार जुना उपचार आहे. टाकीच्या तोंडाला आपलं तोंड घट्ट लावायचं, गाल फुगवून हवा आत कोंडायची, म्हणजे दाबाने कचरा पुढे सरकतो अशी त्यामागची विचारसरणी. दाजींनी वय, पद आणि मिशा यांचा विचार करून माझ्याकडे पाहिलं. पण दूधवाल्यालाच घाई होती. त्याने चावी फिरवली, झाकण उचललं, एक 'सुस्स' आवाज आला. तो आवाज तिथल्या तिघांनीही ऐकला आणि तिघांनीही सोडून दिला. त्याने फुंकलं, थुंकलं, टॉवेलने तोंड पुसलं. गाडी पहिल्या किकेला चालू. "म्हटलं न्हवतं? कचरा!"

कोयनानगर ओलांडून हेळवाकला आलो तेव्हा तिसरा झटका बसला. इथे चहाची टपरी होती आणि टपरीवाला स्वतःच डॉक्टर. "तापली असंल. चढाची आलीया. च्या घ्या, तवर गार हुतीया." आम्ही चहा घेतला. भजी घेतली. गाडी गार झाली की नाही देव जाणे, पण चालू झाली. टपरीवाल्याने पैसे घेताना मान डोलावली.

मग कुंभार्ली घाट उतरलो. उतारावर गाडी एकदाही बंद पडली नाही. उतारावर थ्रॉटल बंद, पेट्रोल लागतं थेंबभर, आणि तेवढ्यापुरती हवा वायसरच्या कडेने आत येऊ शकते. त्याचं कारण हे एवढंच होतं. पण पोफळीला आल्यावर दाजींनी वेगळाच निकाल दिला. "कोकणची हवा मानवली तिला. दमट आहे ना."

प्लगमधला कार्बन, नळीतला कचरा, तापलेलं इंजिन आणि कोकणची हवा. चारही मतं प्रयोगाने सिद्ध झालेली, आणि चारही मतांचा बिघाडाशी काडीचा संबंध नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आयुष्य घालवूनही एवढे पुरावे हाती लागत नाहीत.

साखरपुडा आटोपल्यावर चिपळूणच्या एका गॅरेजात गाडी नेली. फिटर पोरसवदा होता. कानात मोबाइलची वायर, हाताला ग्रीस. दाजींनी इतिहास सांगायला सुरुवात केली. त्याने तो मधेच तोडून एकच प्रश्न विचारला. "काका, बंद पडल्यावर झाकण उघडलं की लगेच चालू होते काय?"

"झाकणाचा काय संबंध?" दाजी म्हणाले.

त्याने वाद घातला नाही. पाण्याची रिकामी बाटली घेतली, कार्बुरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि कॉक उघडला. गॅरेजच्या दारात ओढली जात असलेली एक बिडी त्याने आधी हाताने रस्त्यापलीकडे पाठवली, बिडीवाल्यासकट. पेट्रोलची धार भरभरून पडायला लागली. आम्ही तिघे खाली वाकून बघत होतो. हळूहळू धार बारीक झाली. मग ती तुटली. मग नुसते थेंब, एक एक, मधलं अंतर वाढत जाणारे. मग तेही थांबले. टाकीत पेट्रोल होतं, कॉक उघडा होता, नळी साफ होती आणि बाटलीत काही पडत नव्हतं. फिटरने झाकणात चावी घालून फिरवली. सुस्स! आणि बाटलीत धार परत सुरू.

दाजी सरळ उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. इतका स्वच्छ पुरावा त्यांना करंटच्या बाबतीतही कधी मिळाला नसावा.

झाकण उलटं केलं. खालच्या बाजूला बारीक स्क्रू, त्याखाली स्प्रिंगची पत्री, पत्रीखाली मूळ रबर, आणि त्या रबराला चिकटून आणखी एक काळी चकती. सायकलच्या ट्यूबमधून कात्रीने कापलेली. इतकी गोल, इतकी सुबक, की कापणाऱ्याने वाटी ठेवून आखली असणार. हवा जिथून आत यायची ती खाच या चकतीने बरोबर झाकली होती, आणि मागे उरलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकात हळद-कुंकू घट्ट बसलेलं होतं. खंडेनवमीला गाडीची पूजा यथासांग झाली होती, आणि कुंकवाचं बोट नेमकं झाकणावर लागलं होतं. दुसरीकडे लावणार तरी कुठे? गाडीला कपाळ म्हणावं असं तेवढंच आहे.

"ही चकती कुणी घातली?"

"पावसाचं पाणी जात होतं टाकीत," दाजी म्हणाले. म्हणजे उत्तर मिळालं.

पण पाणी का जात होतं, हाही एक निराळा अध्याय आहे आणि तो दाजींच्या बाजूने आहे. झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत पावसाचं पाणी साचू नये म्हणून बऱ्याच गाड्यांना तिथे एक छिद्र असतं, आणि त्या छिद्रातून एक नळी टाकीच्या पोटातून खाली जमिनीच्या दिशेने सोडलेली असते. ही नळी कोणाला माहीत नसते. माहीत असते ती फक्त कुंभारीण माशीला. ती तिच्यात मातीचं घर बांधते. मग पाणी झाकणाभोवती तळं करून उभं राहतं आणि गाडी चालू असताना टाकी हवा ओढते त्या वाटेनेच पाणीही आत ओढलं जातं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं. तळ गंजतो. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याला पाण्याची भारी ओढ; थोडं पाणी ते पोटात घेतं, फार झालं की पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी संसार थाटतं. ज्या दिवशी तुम्ही रिझर्व्हला टाकता, त्या दिवशी तो संसार कार्बुरेटरमध्ये उतरतो. दाजींनी पाणी अडवलं हे योग्यच केलं. पण त्यासोबत हवाही अडवली. खरा उपाय खालच्या नळीत तार घालणं हा होता.

फिटरने क्लच वायरची एक तार सोडवून भोकातून फिरवली, झाकणाला तोंड लावून एकदा फुंकलं, एकदा ओढलं, पचकन थुंकला आणि म्हणाला, "झालं." चकती दाजींनी परत मागून घेतली. चांगली होती म्हणे.

या आजाराबद्दल लोकांच्या मनात आणखी एक गैरसमज पक्का बसलेला असतो, आणि त्याचा भुर्दंड पंपवाल्याला पडतो. "फुल टाकी केली की गाडी त्रास देते, शंभर-शंभरचं टाकलं की देत नाही," असं शपथेवर सांगणारे भेटतात. त्यावरून ते पंपावर भेसळ होते असा निष्कर्ष काढतात. वास्तविक टाकी गच्च भरली की वर हवेला जागाच उरत नाही; थोडंसं पेट्रोल खाली उतरलं की त्या एवढ्याशा हवेवर लगेच ताण येतो. अर्ध्या टाकीत वरची हवा भरपूर, ती ताणली जायला वेळ लागतो. तोपर्यंत माणूस घरी पोचलेला असतो. म्हणजे 'फुल टाकीला त्रास' हे भेसळीचं नसून भोकाचं लक्षण आहे. पंपवाल्यांच्या इतर गुणांबद्दल मी काही बोलत नाही.

खरं तोतया दुखणं एकच आहे, कॉइलचं. काही कॉइल गरम झाल्या की काम सोडतात आणि गार झाल्या की परत रुजू होतात. लक्षणं तीच: काही किलोमीटर चालणं, बंद पडणं, चहा, परत चालू. या ठिकाणी दाजींची करंटवरची श्रद्धा अगदीच वाया गेलेली नाही. दोघांतला फरक ओळखायचा तर चहा घ्यायचा नाही, हीच त्यातली अवघड अट. गाडी बंद पडली की त्याच क्षणी, ती गार व्हायच्या आत, झाकण उघडायचं. 'सुस्स' होऊन हवा आत गेली आणि कार्बुरेटर भरायला अर्धा-एक मिनिट दिल्यावर गाडी चालू झाली, तर भोक. उघडूनही ढिम्म राहिली, तर मग खुशाल प्लग काढा आणि ठिणगी बघा. ती बघताना मात्र झाकण आधी लावून टाका.

आवाज आला म्हणजे भोक बुजलंच, असंही नाही. उन्हात तीन तास उभ्या असलेल्या गाडीचं झाकण उघडलं की आवाज येतो तो आतली वाफ बाहेर येण्याचा. पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग या हिशोबाने फुगतं. दहा लिटरची टाकी वीस अंशांनी तापली तर पावशेर नाही, पण त्याच्या जवळपास जागा जास्त मागते. भोक बुजलेलं आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली असेल, तर हे वाढीव पेट्रोल कार्बुरेटरच्या सुईला न जुमानता खाली घुसतं आणि गाडी उभ्या जागी ओली होते. तिथेही लोक कार्बुरेटरच बदलतात.

नव्या गाड्यांत हे सगळं संपलं असेल अशी एक भाबडी आशा असते. २०१७ साली प्रदूषणाचे बीएस-४ नियम आल्यापासून टाकीतली वाफ उघड्यावर सोडायला बंदी आहे. ती एका कोळशाच्या डब्यात जाते, कॅनिस्टर म्हणतात त्याला, आणि तिथून इंजिनात. २०२० च्या बीएस-६ नंतर बहुतेक गाड्यांचे कार्बुरेटरही गेले; टाकीत बसलेला पंप तीन बारच्या आसपास दाबाने पेट्रोल ढकलतो. अशा गाडीला थोडीशी पोकळी जाणवतही नाही. पण हवा लागतेच, आणि ती आता झाकणाऐवजी एखाद्या लांब नळीतून येते. सर्व्हिसिंगला टाकी काढून परत बसवताना ती नळी टाकीखाली चेपली, की जुना आजार नव्या गाडीत हजर. फरक इतकाच की आता लॅपटॉप लावतात, आणि लॅपटॉपला चेपलेली नळी दिसत नाही. आणि मॅग्नेटची टँक बॅग जुन्या गाडीच्या झाकणावर चढवून लडाखला निघणारी मंडळी तर आपल्या खर्चाने तो आजार विकत घेतात.

तेव्हा तुमची गाडी वाटेत बंद पडली तर प्लगला हात लावायच्या आधी झाकण उघडा, आणि बघायला थांबलेल्या गृहस्थांना बिडी विझवायला सांगा. दोष भोकाचा निघाला तर तारेने मोकळं करा, दोन्ही बाजूंनी हवा जाते का ते बघा आणि मूळ रबर तेवढं ठेवा. नवं झाकण घेऊ नका. सुटं झाकण घेतलं की टाकीची चावी वेगळी आणि गाडीची वेगळी होते, आणि मग पंपावर तुमच्या मागे उभ्या असलेल्या बारा जणांच्या देखत तुम्ही प्रत्येक वेळी चुकीचीच चावी आधी लावता.